गच्चीवर शेवटचे आठ भाग: चिंचोके, डबे आणि एक अंदाजवही

ठिकाण भुसावळ, आमच्या बिल्डिंगची गच्ची. काम असं: 'ब्रेकिंग बॅड' या गुन्हेगारी मालिकेचे शेवटचे आठ भाग शेजाऱ्यांनी मिळून बघायचे आणि पुढे काय होणार याचं भाकीत दर वेळी लेखी घ्यायचं. कुणाला आपल्याकडे असं काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून नोंदी ठेवल्या. मालिकेचा शेवट यात उघडा पडलेला आहे. बघायची असेल तर आधी बघा, मग या.

४ मे २०२४, शनिवार

हिवाळ्यात आम्ही चौघांनी ५४ भाग संपवले. मी, आमचे हे, पहिल्या मजल्यावरचे सर आणि तिसऱ्या मजल्यावरचे पायलट भाऊ. (विमानाचे नव्हे, मालगाडीचे. भुसावळात पायलट म्हटलं की इंजिनच.) सर कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे रसायनशास्त्राचा मास्तर अमली पदार्थ बनवायला लागतो ही गोष्ट त्यांना सुरुवातीला वैयक्तिक अपमान वाटली होती. नंतर तेच सगळ्यात जास्त गुंतले.

५४व्या भागाच्या शेवटी अमली पदार्थविरोधी खात्यातला हँक संडासात बसून एक पुस्तक चाळतो. त्यावरच्या अर्पणाच्या ओळीवरून त्याच्या डोक्यात उजेड पडतो, की आपण ज्याला शोधतोय तो आपलाच साडू, वॉल्टर व्हाइट, म्हणजे तोच रसायनशास्त्राचा मास्तर. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना इथून पुढे ११ महिने ताटकळावं लागलं, २ सप्टेंबर २०१२ ते ११ ऑगस्ट २०१३. आम्हाला कोण अडवणार? मीच अडवलं. कारण दुसऱ्या दिवसापासून जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, भाजीच्या गाडीवर एकच विषय सुरू झाला, आणि ज्यांनी एकही भाग पाहिला नव्हता तेही मत द्यायला लागले. म्हटलं, मे महिन्यात शाळेला सुट्टी, मी शाळेत लिपिक, वह्या आखणं हा माझा धंदाच. उरलेले आठ भाग गच्चीवर लावू, बुधवारी आणि शनिवारी, रात्री ९ वाजता. तिकीट नाही, बाहेरचं कुणी नाही, फक्त बिल्डिंग.

७ मे, मंगळवार

चाचणीची रात्र. पूर्ण वाया.

मंडपवाल्याकडून प्रोजेक्टर आणला, रात्रीचे ५०० रुपये. भाग मोबाईलवर उतरवून ठेवले होते. मोबाईलला स्वस्तातलं अडॅप्टर लावलं, तर आवाज येतोय आणि पडदा काळा. तासभर केबल उलटसुलट केल्या. शेवटी भाच्याने फोनवर सांगितलं, की या चित्रफितींना कुलूप असतं, असल्या अडॅप्टरमधून त्या चित्र सोडतच नाहीत. लॅपटॉप थेट केबलने जोडल्यावर दिसलं.

मग पडदा. पांढरी चादर बांधली होती. वारा सुटला की वॉल्टर व्हाइटच्या पोटात कळ आल्यासारखा तो वाकडा व्हायचा. शिवाय चादरीतून निम्मा उजेड आरपार जाऊन पलीकडच्या बिल्डिंगच्या भिंतीवर पडत होता, तिथल्या लोकांना फुकट दिसत होतं.

तिसरं, २० मिनिटांत प्रोजेक्टर तापून बंद. दिवसभर ४४ अंश खाल्लेला स्लॅब रात्री ९ वाजता तव्यासारखा असतो आणि मी यंत्र थेट त्याच्यावर ठेवलं होतं. माझी चूक.

१० मे, शुक्रवार, आखाजी (अक्षय तृतीया)

दुपारी पुरणपोळी-रस झाल्यावर डोळे मिटत होते, तरी दोन कामं उरकली. फ्लेक्सवाल्याकडून वाढदिवसाचा जुना बॅनर आणला, १० बाय ८ फूट, ३५० रुपये. पाठीमागची बाजू कोरी पांढरी, कडांना छिद्रं तयार, दोरी ओवली की झालं. चादरीपेक्षा शंभर पटींनी बरा. पुढच्या बाजूला गॉगल घातलेले कुणी भाऊ आहेत, ते पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभे राहिले. प्रोजेक्टरखाली चार विटा, विटांभोवती ओलं गोणपाट, बाजूला टेबलफॅन. स्लॅबवर पाणी मारायचा मोह होतो, पण आमच्याकडे नळाची पाळी किती दिवसांनी येते ते भुसावळकरांना सांगायला नको. दोन गोणपाटं, एक बादली, तेवढ्यात भागवायचं.

आखाजी म्हणजे आमच्याकडे पत्त्यांचा दिवस. खालच्या पार्किंगमध्ये डाव पडलेलाच होता. केळीचा व्यापार करणारे अण्णा तिथूनच ओरडले, "अंदाज लावायचा तं पैसे लावा, नाही तं कोन लक्ष देईन?" पैसे नाही म्हणजे नाही. एकदा पैसे आले की सर येणार नाहीत, आणि पोरांच्या आया मला शिव्या देतील. अण्णांचं दुसरं म्हणणं मात्र पटलं, की नुसत्या मताला वजन नसतं. म्हणून चिंचोके. माणशी दहा. जेवढी खात्री, तेवढे टाका.

११ मे, शनिवार. भाग पहिला

आखाजीला माहेरी आलेल्या लेकी धरून वहीत १८ नावं. त्यातल्या १४ जणांनी मागचं काहीच पाहिलेलं नाही. मी कागदावर तासभराचा सारांश लिहून आणला होता, तिसऱ्या मिनिटाला लोक मोबाईल बघायला लागले. मग कॅलेंडरच्या पाठीवर नाती काढली. वॉल्टर आणि हँक साडू. स्कायलर आणि मेरी सख्ख्या बहिणी. जेसी हा वॉल्टरचा जुना विद्यार्थी आणि धंद्यातला भागीदार. एवढ्यावर सगळ्यांना सगळं कळलं. साडू हा शब्द किती काम करतो ते तेव्हा लक्षात आलं. तळमजल्यावरच्या आजी अमळनेरकडच्या, त्या म्हणाल्या, "साडू म्हणजे काय सख्खा भाऊ शे का?" आणि पुढचे आठही भाग त्यांनी याच एका वाक्यावर तोलले.

या भागाची सुरुवातच पुढच्या काळातली आहे. दाढी-केस वाढलेला वॉल्टर आपल्या पडक्या घरात येतो आणि भिंतीतल्या विजेच्या सॉकेटमागे लपवलेली रायसिन या विषाची कुपी काढून नेतो. याच मोसमाच्या पहिल्या भागात, असाच पुढचा काळ दाखवताना, त्याच्या गाडीच्या डिकीत एम-६० मशीनगन दिसलेली आहे. म्हणजे बंदूक आणि विष समोर मांडून ठेवलंय, फक्त कुणासाठी ते सांगायचं नाही. अंदाज लावायला याहून चांगली मालिका मिळणार नाही.

रायसिन एरंडाच्या बीत असतं हे सरांनी सांगितल्यावर गच्चीवर खळबळ. आजींनी चार लेकरांना एरंडेल पाजून मोठं केलंय. सरांनी समजावलं, की तेलात ते उतरत नाही, चोथ्यात राहतं. आजींचा चेहरा काही सैल झाला नाही.

शेवटी हँकच्या गॅरेजमध्ये दोघं साडू समोरासमोर येतात, हँक शटर खाली पाडतो, आणि गच्चीवर कुणीतरी "घ्या!" असं ओरडलं.

मग चिंचोके. प्रश्न एकच ठेवला, रायसिन कुणासाठी? नावं लिहिलेल्या स्टीलच्या उघड्या वाट्या रांगेत मांडल्या. अण्णा पहिले. "मले वाटते हा साडूलेच इख देईन," म्हणत दहाच्या दहा हँकच्या वाटीत. झालं, पाठोपाठ सगळे तिथेच. १८० पैकी ९७ चिंचोके एका वाटीत. वाटी भरलेली दिसते म्हणून माणसं तिथेच टाकतात. हा अंदाज १८ जणांचा नाही, अण्णांचा आहे. आजचा निकाल बाद धरला.

१४ मे, मंगळवार

१२ आणि १३ला निवडणूक ड्युटी होती. रावेर मतदारसंघ, गाव सांगत नाही. रात्री दीड वाजता घरी आले, पाय सुजलेले. पण बारा तास तो पुठ्ठ्याचा आडोसा समोर बघून एक गोष्ट डोक्यात बसली, की वाट्या बंद पाहिजेत.

मामींच्या मेसमधून मसाल्याचे सात रिकामे डबे आणले. वर्तमानपत्रात गुंडाळले, झाकणाला चीर पाडली, टाकीमागे टेबलावर ठेवले. एकेकाने जायचं. डबे: हँक, जेसी, स्कायलर, जॅकची गुन्हेगार टोळी, त्या टोळीतला टॉड, वॉल्टर स्वतः, आणि इतर. 'इतर'मध्ये टाकताना सोबत चिठ्ठीवर नाव लिहायचं.

कुणी किती टाकले ते नंतर कळायला हवं, म्हणून १८० चिंचोक्यांवर व्हाइटनर पेनने प्रत्येकाचा नंबर घातला. अख्खी दुपार गेली. चिंचोका गुळगुळीत असतो, पहिले चाळीस बोटाने पुसले गेले. आधी खरकागदावर एकदा घासून घ्यायचा, मग टिकतं.

भाच्याबद्दल. त्याने मालिका दोनदा पाहिलेली आहे. त्याला अंदाजातून वगळलं हे ठीक, पण पहिल्या रात्री तो पुढे बसला होता आणि कुणी काही बोललं की याचा चेहरा हलायचा. सर चक्क त्याच्याकडे बघून चिंचोके टाकत होते. आता त्याची जागा सगळ्यांच्या मागे, प्रोजेक्टरपाशी.

१५ मे, बुधवार. भाग दुसरा

बंद डब्यांनी काम केलं. हँकचे ९७ वरून ४१. 'वॉल्टर स्वतः' एकदम ५२, म्हणजे आत्महत्या. उघड्यावर हे कुणी बोललंच नव्हतं.

पण लोक हुशार. टाकीमागून आवाज येतो: मोठ्या डब्यात 'ठक', छोट्यात 'टिक'. खुर्चीत बसून पोरं ओळखत होती की काकूंनी सगळे जेसीवर टाकले. सातही डब्यांच्या तळाला कापूस घातला.

या भागात वॉल्टर पैशांनी भरलेली सात पिंपं वाळवंटात पुरतो. अण्णांना इतका त्रास झाला की ते उठून उभे राहिले. "पुरलेला पैसा कोनाले पचत नसते." आमच्या गच्चीवर इंग्रजी न कळणारे निम्मे, पण या पाच मिनिटांत एकालाही भाषांतर लागलं नाही.

भाषांतराचं सांगते. सरांची पुतणी चालू चित्रावर मराठीत सांगत होती. तिचा आवाज आणि पात्रांचा आवाज एकमेकांवर चढून दोन्ही जात होते. आता भागात तीनदा थांबायचं, दोन-दोन मिनिटं, तेव्हा ती सांगेल. कुठे थांबायचं ते भाचा ठरवेल.

१८ मे, शनिवार. भाग तिसरा

वॉल्टर हँकला डीव्हीडी देतो. त्यात खोटा कबुलीजबाब, सगळं हँकनेच करायला लावलं म्हणून. सर मनापासून म्हणाले, "उत्तम." मग स्वतःच दचकले.

आज वहीतला सगळ्यात मोठा घोटाळा सापडला. चिंचोक्यांबरोबर मी एक मोकळा प्रश्नही विचारत होते, शेवट काय होईल? उत्तरं अशी: "त्याला शिक्षा व्हायला पाहिजे." "पोराला सोडतील." "देव बघतो." "बायकोला अक्कल येईल." अठरातलं एकही मोजता येत नाही. शाळेत जन्मतारखेच्या रकान्यात 'आषाढात' असं लिहून आणणारे पालक असतात, तसं.

दोन तास बसून उत्तरं चाळल्यावर कळलं, की लोक काय होईल ते लिहीतच नाहीत, काय व्हावं ते लिहितात, आणि आपण दुसरंच लिहितोय याचा त्यांना पत्ताही नाही. खोडून लिहा म्हटलं तरी पुन्हा तेच येणार. म्हणून रकाना दुभंगला. डावीकडे 'होईल', उजवीकडे 'व्हावं'. दोन्ही भरल्याशिवाय सही नाही. आणि उत्तर दोन शब्दांत: मरतो किंवा जगतो, मिळतात किंवा मिळत नाहीत. खाली कार्बन, एक प्रत माझ्याकडे, कारण दोघांना मागची पानं बदलताना मी पकडलंय. (नावं लिहीत नाही. एक जण निवृत्त शिक्षक आहे.)

२२ मे, बुधवार. भाग चौथा

मधला भाग, बोलाचालीचा. उकाडा इतका, की प्रोजेक्टरपेक्षा माणसंच आधी बंद पडली. सहा जण झोपले.

नवे रकाने भरून आले. जेसीपुढे: होईल, मरतो १३. व्हावं, जगतो १७. एकाच माणसाच्या दोन रकान्यांत उलट उत्तरं, आणि लिहिताना त्यालाही हसू येतं. जेसी मरावा म्हणणारे एकटे अण्णा, "गद्दार आहे" म्हणून. भाच्याने मागून माहिती पुरवली, की मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगन याचा मूळ बेत जेसीला पहिल्याच मोसमात मारायचा होता. त्यावर दोघांनी आपलं 'मरतो' खोडायला मागितलं. दिलं नाही.

स्कायलरचा रकाना बघून मात्र मला राग आला. नवऱ्याने इतके मुडदे पाडले तरी सात पुरुषांनी 'व्हावं'मध्ये लिहिलं, की स्कायलरला धडा मिळावा. हे आमच्याच गच्चीवरचं नाही. ती भूमिका करणारी अ‍ॅना गन हिला प्रेक्षकांच्या या द्वेषाबद्दल ऑगस्ट २०१३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहावा लागला होता, म्हणजे हेच शेवटचे भाग तिकडे चालू असताना. सातातले एक आमचे हे. दोन दिवस डब्यात भेंडी दिली.

२५ मे, शनिवार. भाग पाचवा

वाळवंटात हँक वॉल्टरला बेड्या घालतो. गच्चीवर टाळ्या, शिट्ट्या. हँक मेरीला फोन करतो. पायलट भाऊ हळूच म्हणाले, "हा आता मेला." का? "काम संपायच्या आधी घरी फोन केला की सिग्नल लाल पडतो." तेवढ्यात जॅकची टोळी येते, दोन्हीकडून गोळ्या सुरू होतात, गाड्यांच्या काचा फुटतात, आणि पडदा काळा.

मी उडी मारून प्रोजेक्टरकडे धावले. गोणपाट सुकलंय, यंत्र तापलं, हे मी धरूनच चालले होते. ह्यांनी एक्स्टेन्शन बोर्डाला लाथ घातली. अण्णा खाली मीटरकडे निघाले. मागून भाचा शांतपणे म्हणतो, "मावशी, भाग संपला."

कुणीच विश्वास ठेवेना. गोळीबाराच्या मधोमध कोण संपवतं? लॅपटॉपवर मागे नेऊन दोनदा दाखवलं. इनव्हर्टरवर अर्धा तास वाद चालला. भाच्याने सांगितलं की तिकडे लोकांना इथे आठवडाभर लटकत ठेवलं होतं. आपल्याकडे बुधवारपर्यंतच. तरी आजींनी चार दिवसांत तीनदा दार वाजवून विचारलं, "त्या पोऱ्यानं काय व्हई?" त्यांना हँकचं, वॉल्टरचं काही पडलेलं नाही. फक्त जेसी.

ज्यांना असा उपक्रम करायचाय त्यांना एक सल्ला: या भागानंतर गर्दी वाढते. माझ्याकडे बसायला १८ जणांच्या चटया, आणि बुधवारी २६ माणसं आली.

२९ मे, बुधवार. भाग सहावा

हँक गेला. पहिल्या दहा मिनिटांत.

यानंतरच्या ३५ मिनिटांत वहीत लिहायला मी पेन उचललाच नाही. स्वयंपाकघरातली सुरी, वॉल्टरने उचलून नेलेलं तान्हं पोर, मग तो फोन. अजून दोनदा थांबायचं ठरलेलं होतं, भाच्याने थांबवलं नाही, आणि कुणी भाषांतर मागितलं नाही. संपल्यावर बुऱ्हाणपूरकडे जाणारी मालगाडी पूर्ण निघून जाईपर्यंत कुणी चटई गुंडाळली नाही.

दुसऱ्या दिवशी भांडण. रायसिन हँकसाठी म्हणून ज्यांनी चिंचोके टाकले ते म्हणाले, आमचे परत द्या, हँक गोळीने मेला. सर म्हणाले, अजिबात नाही. त्यांचा मुद्दा सुरुवातीपासून होता: कुपी काढतानाचं घर पडकं दाखवलंय, म्हणजे सगळा तमाशा होऊन गेल्यानंतरचं, म्हणजे हँकचा विषय तोवर मिटलेला असणार. हे समोर असून तुम्ही हँकवर टाकलेत, भोगा. तर्क बिनतोड. पण अकरा माणसं खेळातून बाहेर गेली तर शेवटचे दोन भाग बघायला येणार कोण? शेवटी प्रत्येकाला नवे पाच दिले, हँकवरचे जुने बाद. सरांनी निषेध म्हणून स्वतःचे पाच घेतले नाहीत. हा नियम मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला हवा होता.

'व्हावं'चा रकानाही फिरला. वॉल्टर मरावा म्हणणारे सात होते, आता पंधरा. तान्ह्या पोराला हात लावलेला आमच्या लोकांना चालत नाही. त्याआधीचं सगळं चाललं होतं.

१ जून, शनिवार. भाग सातवा

संध्याकाळी मतदान संपलं आणि टीव्हीवर एक्झिट पोल. साडेनऊपर्यंत गच्चीवर नऊ माणसं. बाकीचे वेगळ्या अंदाजात गुंतलेले.

माझी आजची चूक: भाग निवडायच्या यादीचं पान पडद्यावर तसंच उघडलं. प्रत्येक भागाचं नाव आणि छोटं चित्र मोठ्ठं दिसलं. शेवटच्या भागाचं नाव 'फेलिना'. पुतणीने लगेच सांगितलं, की इंग्रजी 'फिनाले'ची अक्षरं फिरवली की हे होतं. सरांना अक्षरांत मूलद्रव्यं दिसली: लोह, लिथियम, सोडियम. भाचा म्हणाला, २०१३ साली तिकडच्या प्रेक्षकांनीही हेच काढलं होतं, रक्त, नशा आणि अश्रू. सर म्हणाले, लोह आणि सोडियम मान्य, लिथियम ओढून आणलंय. पाऊण तास गेला. पान उघडताना भिंगासमोर पुठ्ठा धरा, भाग सुरू झाल्यावर काढा.

भाच्याकडून अजून एक कळलं: डिकीतली मशीनगन दाखवली तेव्हा ती कशासाठी हे लिहिणाऱ्यांनीच ठरवलेलं नव्हतं, गिलिगनने नंतर तसं सांगितलंय. सर खिन्न झाले. "म्हणजे मी तीन आठवडे उत्तर शोधतोय, आणि पेपर काढणाऱ्याकडेच उत्तरपत्रिका नव्हती."

आज डबे कायमचे बंद, शेवटची संधी. पायलट भाऊंना उद्या बडनेऱ्याकडची गाडी, मग पुढे कुठे ते नक्की नाही. त्यांनी रकाने भरून वेगळ्या डब्यात सील करून दिले. मेसवाल्या मामी टाकीमागे बराच वेळ होत्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "मॅडम, 'इतर'ची चिठ्ठी लहान आहे, पण चालेल."

४ जून, मंगळवार

मतमोजणी. टीव्हीवाल्यांच्या अंदाजांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी माझ्या वहीकडे लोक जरा आदराने बघायला लागले.

५ जून, बुधवार. भाग आठवा

साडेआठला धूळ उठली आणि फ्लेक्स दोरीसकट उडून शेजारच्या गच्चीवर. गॉगलवाले भाऊ आकाशाकडे तोंड करून पडले. खाली पार्किंगमध्ये भिंतीवरच लावलं. भिंत पिस्ता रंगाची आहे, त्यामुळे शेवटच्या भागात सगळे जरा आजारी दिसले. सव्वा तास उशीर.

मशीनगन जॅकच्या टोळीवर. गाडीची किल्ली दाबली की डिकीतून आपोआप. ११ जण बरोबर. गोळी लागून वॉल्टर मरतो, पण स्वतःच्याच यंत्राची. हे कुणीच लिहिलेलं नाही. पैसे मुलाला मिळतात, पण जुन्या भागीदार दांपत्याच्या हातून, त्यांना लेझरच्या लाल ठिपक्यांनी घाबरवून. हेही कुणी नाही. जेसी फाटक तोडून सुटतो. 'होईल'मध्ये बरोबर फक्त ५. 'व्हावं'मध्ये १७. आजी इतक्या मोठ्याने हसल्या की रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं.

आणि रायसिन. लिडिया नावाची ती सदा घाबरलेली, नीटनेटकी बाई, तिच्या चहात. सगळे डबे फोडले. हँक, टॉड, वॉल्टर, सगळे चुकले. 'इतर'च्या डब्यात सहा चिंचोके, सगळ्यांवर नंबर ९, आणि चिठ्ठीवर: "चहावाली बाई."

मामींना विचारलं, कसं कळलं? त्यांना लिडियाचं नावही ठाऊक नव्हतं. "ती दर वेळी एकच पुडी मागते, साखरेऐवजीची. मी पण तशीच पुडी पर्समध्ये ठेवते, शुगर झाल्यापासून. रोज एकाच पुडीतलं घेणाऱ्या माणसाला मारणं किती सोपं, असं मला माझ्याच चहाच्या वेळी वाटून गेलं." पायलट भाऊ मागे एकदा म्हणाले होते, की बंदूक घोळक्यासाठी आणि विष एकट्यासाठी, शांत बसून सोबत चहा पिणाऱ्यासाठी. इतक्या जवळ येऊनही त्यांनी टाकले होते टॉडवर.

हिशोब: प्रोजेक्टर चाचणी धरून नऊ रात्री ४,५०० रुपये, फ्लेक्स ३५०, आवाजाची लांब वायर २८० (ब्लूटूथवर ओठ आधी, आवाज नंतर), डासांच्या कॉइल १२०, कार्बन ६०. एकूण ५,३१०. नऊ घरांनी २५० प्रमाणे दिले, २,२५०. उरलेले ३,०६० माझे. हरलेल्यांनी रविवारी वरण-बट्टी करायची, बट्ट्यांना गोवऱ्या अण्णा यावलहून आणणार.

७ जून, शुक्रवार

पायलट भाऊ आज पहाटे परतले. दोन दिवस अख्ख्या बिल्डिंगने तोंड शिवून ठेवलं होतं. जिन्यात त्यांच्या मुलीसमोरही कुणी काही बोललं नाही, अण्णासुद्धा. मामींनी तर त्यांना डबा देताना चहाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं.

सकाळी अकराला आमच्या हॉलमध्ये त्यांच्यासाठी खास खेळ. पडदे ओढले, कूलर लावला, त्यांचा सीलबंद डबा टीपॉयवर ठेवला. सर, मामी, आजी, भाचा आणि मी, सगळे पडद्याऐवजी त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत बसलो. लेझरच्या ठिपक्यांना ते हसले. लिडिया चहात पुडी ओतते तेव्हा मामींनी मला कोपर मारलं. भाऊ काही बोलले नाहीत. वाकून बघितलं तर डोळे मिटलेले. चौदा तासांची ड्युटी करून आलेला माणूस, आणि थंडगार कूलर.

आजी म्हणाल्या, उठवू नका. भाच्याने तिथेच थांबवून ठेवलंय. डबा अजून फोडलेला नाही.